उजवी पाकळी आणि हिरवी पेटी

कडावजवळून,
कार्तिक वद्य, सन १९४९

तीर्थरूप येसाजी दाजी यांस,

धाकलूचा पायांवर डोकं ठेवून दंडवत. इकडे आम्ही सारी सुखरूप. तिकडे तुम्ही, सोनुबाईअक्का आणि शिळफाट्याचं दुकान, तिघंही ठीक असाल असं धरून चालतो. अक्काचा गुडघा थंडीत दुखत असेल तर तिला सांगा, माझाही दुखतो. भावंडांत एवढं तरी सारखं राहू दे. (तिने धाडलेले लाडू पोचले. चांगले होते. एक दात गेला, पण तो आधीपासून हलतच होता.)

पत्रास कारण असं की आमच्या गावात पंचायतीची निवडणूक झाली, आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. देवीची गुरवकी आमच्या घरात आजाच्याही आधीची, हे तुम्ही जाणताच. मुलगी कुठे द्यायची, भाताच्या रोपांसाठी राब कधी भाजायचा, हरवलेली म्हैस कोणत्या अंगाला शोधायची, सगळं गाव देवीला विचारत आलं. मी दोन ओल्या पाकळ्या देवीच्या अंगाला लावायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग विचारणारा निवांत घरी जातो. (म्हैस सापडतेच असं नाही, पण माणूस निवांत होतो.) आता मतं आली. मतं आल्यावर देवळाची पायरी कोण चढणार, आणि कोणी चढेनासं झालं तर मी या गावात कोण उरणार, एवढाच घोर मला लागला होता.

उभे दोघं. एक आपले म्हातारे पाटील, दुसरा नामा, कडावच्या शाळेत शिकवायला जातो तो. कर्जतहून एक साहेब पेट्या घेऊन आले. पाटलांची पिवळी, नामाची हिरवी. पाटलांचं म्हणणं, पेट्या देवळात ठेवा, सावली आहे. नामा म्हणाला, पंचायत सगळ्यांची, तिची पेटी देवळात नको. म्हणून त्या समोरच्या शाळेत ठेवल्या. पण मतांच्या दिवशी बघतो तर सारं गाव आंघोळी करून, धुतलेली धोतरं नेसून सरळ देवळात. मत टाकायचं ते विचारूनच टाकायचं, असं सगळ्यांचं ठरलेलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू दाजी, उगाच जिवाला खात बसलो होतो असं वाटलं. पाटलांना मत द्यावं का, असं गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घातलं आणि पाकळ्या लावल्या.

त्या पडेनात.

तुम्ही कधी पाकळी पडायची वाट बघत बसला आहात का? आधी माणूस पाकळीकडे बघतो, मग पाकळीभोवतीच्या ओलीकडे, मग कशाकडेच नाही. बाहेर धुकं हळूहळू वर चाललं होतं, माथेरानचा डोंगर अर्धा दिसत होता, अर्धा नव्हता. खळ्यांवरून नव्या पेंढ्याचा वास येत होता. बायांच्या मांडीवरची पोरं झोपली, मग बाया पेंगायला लागल्या. मला तर समईच्या उजेडात देवीआई जरा हसल्यासारखी वाटली, आणि माझा बाप तिच्या शेजारी उभा राहून पाकळीवर पाणी शिंपडतोय असंही दिसलं. (बाप वारून फार वर्षं झाली. त्याला म्हटलं, जरा कमी ओली कर. त्याने ऐकलं नाही. हयातीतही कधी ऐकलं नव्हतं.) इतक्यात शाळेत एकटे बसून कंटाळलेले साहेब आले. सूर्य मावळायच्या आत मतं पडली नाहीत तर तुमच्या गावाला पंचायत नाही, दुसऱ्या गावाला जोडतील, असं दरडावून म्हणाले. मग बूट काढून, पाकळी कुठली ते विचारून घेतलं, आणि खांबाला टेकून तेही बघत बसले. थोड्या वेळानं घोरायला लागले.

सकाळपासून पेटीत चिठ्ठ्या पडल्या होत्या त्या फक्त कातकरवाडीच्या आणि खालच्या मुसलमान घरांच्या. कमळ्या, पदू आणि त्यांच्या बाया झुंजुमुंजूला आली, मतं टाकली आणि रानात गेली. त्यांना आजवर कोणी पायरीच्या वर घेतलेलंच नाही, तेव्हा थांबायचं काही कारण नव्हतं. हे मला त्या दिवशी प्रथम कळलं, आणि कळल्यावर बरं वाटलं नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा बायजा उठली. ही विधवा बाई खालच्या आळीला एकटी राहते, तुम्ही ओळखता. देवीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "आये, तू बोलत नाय म्हंजी तूच मला इचारतेस, बायजे, तुला कोन होवा? मला आजवर कुनी इचारलं नव्हतं गं." हात जोडले आणि शाळेकडे चालायला लागली. मागोमाग बाया उठल्या, मग बाप्ये, मग साहेब बूट शोधत. शेवटी मीही गेलो. परत येऊन बघतो तर दोन्ही पाकळ्या खाली. आधी कोणती पडली ते बघायला गाभाऱ्यात कोणीच नव्हतं. मला रडू आलं, तुमच्यापासून कशाला लपवू.

नामा निवडून आला. गावात कोणी रुसलं नाही, पाटील सोडून. देवळात माणसं येतात, दिवा लावतात, नारळ देतात. विचारत मात्र फारसं कोणी नाही. परवा एकाची म्हैस हरवली, तर तो आधी नामाकडे गेला. (नामाने शोधून दिली. डावीकडच्या ओढ्यात होती.)

लहानांना आशीर्वाद, अक्काला नमस्कार, तुमच्या पायांशी पुन्हा एकदा.

आपला,
धाकलू गुरव

ता. क. खरं काम सांगायचं राहिलंच. नामा म्हणतो, पंचायतीचा पट्टेवाला हो, महिन्याचा पगार देऊ. अट एकच, कौल लावणं सोडायचं; पंचायत कातकऱ्यांचीही आणि खालच्या मुसलमान घरांचीही, तिच्या माणसाने एका देवाच्या नावाने होय-नाही सांगू नये. त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. गुरवाला स्वतःचा कौल स्वतः लावता येत नाही, म्हणून जन्मात मी कधी काही विचारलंच नाही. तर तुमच्या फाट्याजवळच्या बहिरीदेवाला माझ्यासाठी तेवढं विचारून बघा, नोकरी धरू का.

दुसरा ता. क. विचारताना माझं नाव घेऊ नका. कर्जतचा एक इसम, एवढंच म्हणा. देवादेवांत बोलणं होत असतं. आमच्या आईच्या कानावर जायला नको.

तिसरा ता. क. नामाला मी काल होय म्हणून आलो. तरीपण दाजी, विचाराच.