गुरुवारपर्यंत

शुक्रवार, ६ नोव्हेंबर

मुफ्तीसाहेबांकडे जाऊन आलो – अब्बा आणि मी. अब्बांना बोलवेना, म्हणून मीच सांगितलं. भाईचा कॅन्सर आता फुप्फुसात आहे. केमोच्या आधी त्याचं वीर्य साठवून ठेवलं होतं. त्यातून आणि भाभीच्या बीजांतून तीन भ्रूण झाले. दोन रुजले नाहीत. एक उरलाय – मी ज्या लॅबमध्ये काम करते तिथेच, गोठवलेला.

मुफ्तीसाहेबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, "बीज नवराबायकोचंच. तिसरं कोणी नाही. दोघं हयात आहेत, निकाह कायम आहे. मग इलाजाला हरकत कसली? खुशाल करा."

"आणि भाई आधी गेला तर? भ्रूण तर दीड वर्षापूर्वीच तयार झालाय."

"तरी नाही, बेटा. मौतीबरोबर निकाह संपतो. मग तो इलाज राहत नाही."

आम्ही चपला घालत होतो तेव्हा अब्बांना हळूच म्हणाले, "आमच्या घरीही अकरा वर्षं दवाखानेच झाले." अब्बांनी त्यांचा हात बराच वेळ सोडला नाही.

उत्तर सरळ मिळालं. इतकं सरळ डॉक्टरही देत नाहीत!

शनिवार, ७

गर्भाशयाचं अस्तर तयार व्हावं म्हणून भाभीचं पहिलं इंजेक्शन, सकाळी आठ वाजता. आजपासून पूर्ण पाच दिवस. म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडायचा तो गुरुवारी.

रविवार, ८

हॉस्पिटलमध्ये भाईजवळ तीन तास. मला पाहून म्हणाला, "माझं पोर तुझ्या फ्रीजमध्ये! लहानपणी माझ्या गोट्या लपवायचीस, ती खोड गेली नाही."

"फ्रीज नाही. नायट्रोजनची टाकी."

"बघा अम्मी! मेल्यावरही ही माझ्या चुका काढणार."

"जिभेला काही हाड?" अम्मी ओरडली आणि उशी नीट करायला लागली. उशी नीटच होती.

हसता हसता त्याला खोकला लागला. ऑक्सिजन ८४ वर आला. वर यायला सहा मिनिटं लागली. मी मोजली. दुसरं काय करणार?

मंगळवार, १०

भाभी डबा घ्यायला घरी आली आणि स्वयंपाकघरातच उभी राहिली. "उद्या नाही का होणार? एका दिवसानं काय बिघडतं गं?"

"बिघडतं. गर्भाशयाचं अस्तर उद्या तयार नसेल. भ्रूण एकच आहे. वाया जाईल."

"आणि तो गेला तर? मग तुझा गुरुवार घेऊन मी काय करू?"

मी डबा धुवून भरून दिला. तिनं झाकण दोनदा लावलं, दोनदा काढलं.

अम्मी आतून म्हणाली, "सगळ्यांपुढे हट्ट करायचा आणि वर शास्त्र सांगायचं. लहानपणापासून अशीच!"

आमच्या डॉक्टर मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "अस्तराचा रिपोर्ट तू बघितलायस, माणसं तुझ्या घरची आहेत. तूच सांग." मी गुरुवारच ठेवला. माझं बरोबर आहे. पुस्तक काढून पुन्हा बघितलं – बरोबरच आहे. जेवण मात्र गेलं नाही.

बुधवार, ११

भाईला ऑक्सिजनचा मोठा मास्क. बोलणं बंद. भाभीचं पाचवं इंजेक्शन त्याच्या पलंगाशेजारीच दिलं – त्यानं बोटानं विचारलं, किती राहिलं? मी एक बोट दाखवलं.

गुरुवार, १२

भ्रूणाचा ट्रान्सफर झाला. भाई गेला. हात चालत नाही. उद्या.

शुक्रवार, १३

दफन झालं. घर माणसांनी भरलंय. मी मागच्या खोलीत, कडी लावून.

काल साडेनऊची वेळ होती. मॅडम दुसऱ्या पेशंटमध्ये अडकल्या. भाभी टेबलावर वाट बघत पडलेली, त्या खोलीत घड्याळ नाही. मी पलीकडे लॅबमध्ये. भ्रूण गोठणीतून काढून दीड तास झाला होता. छान फुगला होता. दहा वाजून दहा मिनिटांनी लॅबचा फोन वाजला. अब्बा.

"गेला. दहा पाचला." मग, "सुनेचं झालं ना?"

मी म्हटलं, "झालं."

ते म्हणाले, "अल्हम्दुलिल्लाह." रडायला लागले.

मी फोन ठेवला. हात धुतले. मॅडमनी खिडकीतून हाक मारली तेव्हा नळी भरून त्यांच्या हातात दिली. नोंदवहीत वेळ लिहिली, ९.५०. त्यांनी घाईत न वाचता सही केली.

आज भाभी भिंतीला टेकून बसली होती. मला म्हणाली, "तो असताना झालं. एवढं तरी झालं." मी तिला पाणी दिलं.

ती कधी विचारणार नाही. कोणीच विचारणार नाही. कुठेतरी खरी वेळ असावी म्हणून लिहिते. दहा पस्तीस.