शेजारच्या देशाला पिठलं-भाकरी

गारखेडा, बुधवार

तीर्थस्वरूप बद्रीनाथमामा,

तुमच्या तनुजाचा पायावर डोकं टेकून नमस्कार. गुडघा काय म्हणतो? मामींची शुगर कशी आहे? (तुमची विचारत नाय, जिलेबीचा फोटो पाहिला.)

मामा, “सर्व्हेची नोकरी टिकली नाय तर गुमान सिल्लोडला ये अन् मक्याच्या आडतीवर बस,” हा तुमचा निरोप पोचला. मी येणार नाय. कादंबरी इथंच बसून लिहिणार (तिच्यात अजून एकबी पात्र आलेलं नाय, पण तोच तर प्रयोग आहे). नोकरी टिकायला शुक्रवारपर्यंत चाळीस फॉर्म भरून पाहिजेत. प्रश्न एकच: देशानं खर्चाच्या शंभर रुपयांतले किती परक्या देशांच्या मदतीला द्यावेत?

पहिलंच दार द्वारकाबाईंचं. आठ दिवसांनी नळाला पाणी आलेलं, बाई पाईप धरून उभ्या. प्रश्न ऐकला अन् पाईप माझ्याकडंच वळला. “आमची टाकी कोरडी अन् तू परदेशाला वाटत फिरती व्हय?” मी ओल्या फॉर्मवर शून्य लिहिलं. पुढं साहेबरावकाका, रिटायर तलाठी. त्यांच्या अंदाजानं आत्ता शंभरातले तीस जातात, ते लई झाले, दहावर आणा. (खरं तर पुरता एक रुपयाबी जात नाय, मामा. म्हणजे काटछाट करायच्या नादात काकांनी मदत दहापटीहून जास्त वाढवून ठेवली.)

मग मी प्रश्नच बदलला अन् परत पहिल्या दारापासून सुरुवात केली. शेजारच्या देशात भूकंप झाला, मयती झाल्या, घरात चूल पेटली नाय, तर? द्वारकाबाई भडकल्याच. “हे काय विचारणं झालं? दुखवट्याच्या घरी पिठलं-भाकरी न्यायचीच असती! माणसं किती हायेत तिथं?” काका तर ठेचा कुणी करायचा ते ठरवायला लागले. अडतीस घरी हेच. मी तसंच लिहिलं.

वैदेही मॅडमनी (आमच्या सुपरवायझर) गठ्ठा परत केला. म्हणे, आकडा लिही. मी पुन्हा अडतीस दारं वाजवली, शिव्या खाल्ल्या, आकडे आणले, अन् पिठलं-भाकरी शेऱ्याच्या रकान्यात घातलीच. पण माझ्या मनानं एकबी आकडा टाकला नाय अन् टाकणार नाय. लोकमत म्हणजे लोकांचंच मत.

तुमचीच हट्टी भाची,
तनुजा

ता.क. दोन फॉर्म कमी पडत होते. चाळिसावा तुमच्या नावानं मीच भरलाय. मॅडम खात्रीचा फोन करतील. तुम्ही गारखेड्यात राहता अन् परदेशाला शंभरातले वीस देता, एवढंच सांगा.

ता.ता.क. मामींचाबी फोन चालू ठेवा. एकोणचाळिसावा त्यांचा. त्या तुमच्या ठाम विरोधात आहेत, त्यामुळं त्यांना काही शिकवायची गरज नाय.