ट्रॉम्बोन आणि गुळाची ढेप

आप्पा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता तुम्हाला पत्र लिहायचं म्हणजे वेडेपणाच. पण आज तालमीवरून घरी आले, ट्रॉम्बोनची पेटी दारामागे ठेवली आणि ती उघडून बघायचाही कंटाळा आला. असा कंटाळा मला कधी येत नसे. वाजवून झालं की पितळ पुसल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही तुमची शिस्त मी या शहरात येऊनही सोडली नव्हती. आज पुसण्यासारखं काही नव्हतंच, पण ते नंतर सांगते.

आधी आपलं दौंडचं स्वयंपाकघर आठवतंय. तुमच्या बँडचं दुकान बाजारात, पण तिथं पोरीनं यायचं नाही, म्हणून मला शिकवणी घरात. ट्रॉम्बोनची नळी पुढे सरकवली की ती थेट मांडणीवरच्या डब्यांना लागायची. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "आवो, तिला दाराकडं तोंड करून उभी करा. डाळीचा डबा पुन्यांदा पडला." मग मी दारात उभी, नळी उंबऱ्याबाहेर, आणि रस्त्यावरची पोरं बघून फिदीफिदी हसताहेत. तुम्ही पाटावर बसून बशीतला चहा ओढता आणि म्हणता, "हसू दे त्यास्नी. तू दम सोडू नगं." रेल्वेतल्या एका रिटायर साहेबाकडून तुम्ही हे वाद्य शिकला होतात आणि कागदावरचे सूर वाचायलाही. बँडमधल्या कुणालाच ते वाचायची गरज नव्हती, सगळे कानानं वाजवायचे. मला मात्र तुम्ही वाचायला शिकवलंत. कशासाठी, ते तुम्ही कधी बोलला नाहीत आणि मीही विचारलं नाही.

तुमच्या बँडचा कायदा गावाला पाठ होता. वरात चालू असताना कुणाचंही वाद्य गप्प बसता कामा नये. एकानं श्वास घेतला तर दुसऱ्यानं सूर धरायचा. तुम्ही वरातीपुढे उलटे चालायचात, सगळ्यांच्या गालांवर नजर ठेवून. आणि ज्याचं चुकलं त्याला एकच शिक्षा, "धरून चाल नुसतं." शिरूरला मामांच्या घरचं लग्न होतं तेव्हा मी ती डोळ्यांनी पाहिली. क्लॅरिनेटवाले काका तुमच्याच वयाचे. गाण्याची सुरुवात चुकली, तुम्ही बोट दाखवलंत, आणि ते मांडवापर्यंत क्लॅरिनेट छातीशी धरून मुक्यानं चालत गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बायका बघत होत्या. ते काका त्या दिवशी पंगतीला बसले नाहीत. तुम्ही नंतर त्यांच्याजवळ जाऊन बसलात.

म्हणून तुम्ही या शहरात माझा कार्यक्रम ऐकायला आलात तेव्हा जे झालं, त्याबद्दल मी तुम्हाला बोल तरी कसा लावू?

आमच्या ऑर्केस्ट्राची गोष्ट मी तुम्हाला तेव्हाही सांगायचा प्रयत्न केला होता. तालमीच्या हॉलबाहेर जुने फोटो लावलेत. सुरुवातीला ही सगळी हौशी माणसं होती. दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत व्हायोलिन वाजवणारी, हॉटेलात पियानो वाजवणारी, चर्चमध्ये शिकवणारी. संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये जमायची, हातानं उतरवून घेतलेले कागद समोर ठेवून शंभर माणसांचं संगीत चाळीसजणांत भागवायची. आमच्या ओळीत तर पोलीस बँडातली माणसं बसत. हे ऐकून तुम्ही खूश झाला होतात. "म्हंजी आपल्यातलीच की." पुढे मोठा हॉल आला, परदेशातून समोर उभं राहून सगळ्यांकडून वाजवून घेणारे कंडक्टर आले, पगारी माणसं आली. त्यात पुण्याला कॉलेजात शिकून मीही आले. तुमची मुलगी काळा ड्रेस घालून खुर्चीवर बसून वाजवते, याचं तुम्हाला काय अप्रूप होतं! फेटा बांधून, कापडी पिशवी घेऊन आलात. पिशवीत पाटसच्या गुऱ्हाळावरची गुळाची ढेप होती. मला वाटलं, माझ्यासाठी आणली.

पहिल्या अर्ध्यात ट्रॉम्बोनला कामच नव्हतं. माझी खुर्ची रिकामी. तुम्ही काय समजलात ते मला मध्यंतरात कळलं. मागच्या दाराशी गलका ऐकून आले, तर आमचे कंडक्टर, तो उंच गोरा माणूस, दोन्ही हातांत गुळाची ढेप धरून उभे, आणि तुम्ही त्यांना सांगताय, "साहेब, पोरगी माझी हाय म्हनून सांगत न्हाई. दमाची पक्की हाय. चुकली आसंल तर एक डाव माफी करा, पर वाजवू द्या तिला." आमचे एक चेलोवाले ते इंग्रजीत सांगत होते आणि हसू दाबत होते. कंडक्टरांनी छातीवर हात ठेवून मान डोलावली. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. सगळा ऑर्केस्ट्रा बघत होता.

दुसऱ्या अर्ध्यात सिम्फनी होती. तिचे चार भाग, आणि पहिल्या तिन्ही भागांत आम्ही तिघं ट्रॉम्बोनवाले मांडीवर वाद्य घेऊन मात्रा मोजत बसलेलो. मला तुमचा फेटा तिथून दिसत होता. तुमच्या डोळ्यांपुढे ते क्लॅरिनेटवाले काका असणार, हे मला तेव्हा सुचलं नाही. मग चौथा भाग आला, कंडक्टरांनी आमच्याकडे बघून हात अगदी हलका उचलला, आणि आम्ही तिघांनी एकदम, दबक्या आवाजात सूर लावला. तुम्ही तिकडे उभे राहिलात. मागच्यांनी "बसा, बसा" म्हटलं तरी उभेच.

बाहेर पडताना म्हणालात, "बघ. बोललो तवाच वाजवू दिलं. मानूस भला हाय."

"आप्पा, ते आधीच ठरलेलं असतं. कुणी कधी वाजवायचं ते कागदावर लिहिलेलं असतं. तोवर आम्ही मोजत असतो. तेही कामच आहे."

"व्हय, व्हय. मोजायचं. पर ऐकलं ना त्यानं माझं?"

मग दौंडभर तेच. पाटसच्या साखर कारखान्याचा बॉयलर पेटवायच्या कार्यक्रमाला बँड घेऊन गेलात, तिथं चेअरमनलासुद्धा ऐकवलंत, "पोरीला बसवून ठिवलं व्हतं. म्या जाऊन बोललो." दर दिवाळीला मी तुम्हाला समजावायची, तुम्ही मान डोलवायचात आणि शेजारी आले की पुन्हा पहिल्यापासून. मला राग यायचा आप्पा. ओठ सुजेपर्यंत मेहनत मी केली, आणि नाव झालं ढेपेचं. पुढं पुढं मी समजावणं सोडून दिलं. तुम्ही गेलात तेही तेच मनात धरून.

आता नंतरचं सांगते म्हटलं होतं ते. गेल्या हंगामापासून माझा वरचा ओठ साथ देत नाही. डॉक्टर म्हणतात स्नायू थकलाय, इतक्या वर्षांनी थकणारच. तोच चौथा भाग, तोच दबका सूर, आणि भर कार्यक्रमात तो माझ्याकडून फाटला. नवे कंडक्टर माझ्यापेक्षा लहान आहेत, फार सभ्य माणूस. म्हणाले, या हंगामात विश्रांती घ्या. परदेशातून एक तरुण येतोय, तालमीला त्याच्या शेजारी बसा, त्याला सांभाळून घ्या. कार्यक्रमात तो वाजवेल. मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आज ती तालीम होती. सिम्फनी तीच. मी आपली सवयीनं मोजत बसले, पहिला भाग, दुसरा, तिसरा. जागा आली आणि माझ्या हातांनी वाद्य उचलून ओठाला लावलं. शेजारच्या तरुणानं माझ्याकडे पाहिलं. मी ते परत मांडीवर ठेवलं. त्यानं फार छान वाजवलं, खोटं कशाला बोलू? तालीम संपेपर्यंत मी नुसतं धरून बसले होते.

संध्याकाळी शिरूरहून धाकट्याचा फोन आला. तुमचा बँड त्यानं कधीच मोडला, आता भाड्यानं डीजे देतो. म्हणाला, "ताई, चाललंय न्हवं वाजवनं?" मी म्हटलं, "चाललंय की." त्याला खरं सांगितलं असतं तर तो हळहळला असता आणि फोन ठेवला असता. त्याच्यानं दुसरं काही झालं नसतं.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला ठाऊक नाही, टाकणारही नाही. एवढंच सांगायचं होतं, की आज तालमीनंतर सगळे गेले तरी मी हॉलच्या पायऱ्यांवर बसून राहिले होते, आणि उगाचच मागच्या दाराकडे बघत होते. आप्पा, आता खरंच वाजवू देत नाहीत. एकदा येऊन त्यांच्याशी बोला ना. आणि येताना पाटसचा गूळ आणा.