दोन चोचींचं बदक आणि मूळपुरुषाचा न्याय

तीर्थस्वरूप ताईस,

मशीनच्या तेलाने माखलेल्या हातांनी शिरसाष्टांग नमस्कार. (कागदाच्या कोपऱ्यावरचा डाग त्याचाच आहे. वास घेऊन बघू नकोस.)

तुझी तब्येत उत्तमच असणार. तरी विचारतो, कारण तूच लहानपणी कान धरून शिकवलंस की पत्रात आधी माणसांची चौकशी करावी, कामाचं मागाहून. तुझ्याकडून उत्तर नेहमी "मला काय धाड भरलीय" असंच येतं, ते याही वेळी येईल. भाऊजींना नमस्कार सांग. ते अजूनही पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून आले, चहा प्यायले आणि मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर दार लावून बसले, असंच चालू असेल. तुझ्या लग्नापासून आजपर्यंत मी त्यांच्या तोंडून "हं", "बरं" आणि "मीठ दे" याच्या पलीकडे फारसं काही ऐकलेलं नाही. तुझ्या वाढदिवसाला पाठवलेली बदकाची चौकट मिळाली असेल. त्या बदकाला दोन चोची आहेत हे फोनवर तू बोलली नाहीस, हा तुझा मोठेपणा. बोलली असतीस तर हल्ली अशीच पद्धत आहे असं सांगून मी वेळ मारून नेणार होतो. खरी हकिगत आज सांगतो. ती फोनवर का सांगत नाही, तेही पुढे कळेल.

तुला माहीतच आहे की आमचं भरतकामाचं मशीन बनवणारी कंपनी कधीच बुडाली. मशीन मात्र ठणठणीत आहे. ते चालतं एका फुकटच्या प्रोग्रॅमवर, ज्याला ओपन सोर्स म्हणतात. म्हणजे प्रोग्रॅम कुणाच्या मालकीचा नाही. जगभरची माणसं आपापल्या घरी बसून तो लिहितात, कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा, कुणीही वापरावा. माझा जुना कॉम्प्युटर गेला, नवीन आणला, त्यावर प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घातली आणि तेव्हापासून मशीनच्या अंगात आलं. भरताना दोरा तुटला की मशीन थांबतं, आपण दोरा ओवतो, बटण दाबतो. पूर्वी ते जिथं थांबलं तिथून पुढे जायचं. आता ते चार टाके बाजूला सरकतं आणि तो तुकडा पहिल्यापासून भरायला घेतं. तुझ्या बदकाचा दोरा ऐन चोचीत तुटला होता.

बदकावर निभावलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण त्याच सुमारास हॉस्पिटलचं काम मिळालं. सगळ्या नर्सच्या गणवेशावर, खिशावर एक दिवा भरायचा. पहिली खेप घेऊन गेलो तर मेट्रनबाईंनी एक गणवेश खिडकीपाशी धरला, दिव्याच्या दोन ज्योती पाहिल्या आणि शांतपणे विचारलं की तुम्ही डोळे तपासून घेतलेत का. महिनाअखेरपर्यंत सगळे दिवे एका ज्योतीचे हवेत, नाहीतर काम दुसऱ्याला. हे काम गेलं तर मशीन झाकून ठेवायचं, कारखान्यातल्या दोघी बायकांना घरी बसवायचं आणि मी तुझ्या भावजयीच्या शिकवणीच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं, एवढंच उरतं. (ती म्हणाली, बस, पण गृहपाठ करावा लागेल.)

तर तिनेच सुचवलं की ज्यांनी प्रोग्रॅम केला त्यांनाच विचार. इंटरनेटवर त्यांची तक्रारीची एक जागा आहे. तिथे मी तू शिकवलंस तसं रीतसर पत्र लिहिलं, इंग्रजीत, डिक्शनरी मांडीवर घेऊन. आधी सर्व लहानथोरांना नमस्कार. मग सर्वांच्या आणि सर्वांच्या घरच्यांच्या तब्येतीची चौकशी. मग आभार. मग माझ्या थोरल्या बहिणीला पाठवलेल्या बदकाची कहाणी, मग दिव्याची, आणि शेवटी आपला नम्र. थोड्या वेळाने उत्तर आलं : "व्हर्जन?" त्यापुढे काही नाही. आणि तक्रारीवर शिक्का बसला, "अपुरी माहिती, बंद". तुला वाटेल मला राग आला. छे गं! मी थक्क झालो. ज्या माणसाला एका शब्दापलीकडे लिहायला सवड नाही, तो केवढा मोठा असेल!

मग मी रोज कारखान्यात डबा उघडून बसलो की त्यांच्या चर्चा वाचायला लागलो. ताई, मी आजवर अशी माणसं पाहिली नाहीत. कुणाला एक पैसा मिळत नाही आणि प्रत्येकाच्या नावाखाली पदवी. एक मुख्य रक्षक (म्हणजे प्रोग्रॅमची देखभाल करणारा), एक सहमुख्य रक्षक, एक माजी मुख्य रक्षक (तत्त्वासाठी राजीनामा). हे तत्त्वासाठीवाले फार थोर गृहस्थ. कुणी त्यांचं म्हणणं ऐकलं नाही की ते निरोपाचा लेख लिहितात. त्यात आपण या प्रोग्रॅमसाठी काय काय सोसलं, ते सगळं येतं, आणि ते मी दोन-दोनदा वाचतो. मग जेवणाच्या आधी परत येतात, कारण तोवर कुणीतरी त्यांच्या लेखातली चूक काढलेली असते आणि तिला उत्तर द्यायचं असतं. दुसरे एक आहेत, त्यांना मी कायदेपंडित म्हणतो. मतभेद कसे व्यक्त करावेत याची नियमावली त्यांनी लिहिली आहे, आणि तिच्याविषयी कुणी मतभेद व्यक्त केलेला त्यांना खपत नाही. बटणाचा रंग निळा असावा की करडा यावर यांनी जेवढा काथ्याकूट केला आहे तेवढा आपल्याकडे वाटण्या होतानाही झाला नव्हता. पगारी माणूस असा भांडूच शकत नाही. असं भांडायला जीव असावा लागतो त्या वस्तूवर. मी डबा संपवायचा विसरतो.

आणि या सगळ्यांच्या वर मूळपुरुष. हे नाव मी दिलेलं नाही, सगळेच त्यांना त्या अर्थाच्या नावाने ओळखतात, कारण प्रोग्रॅमची पहिली ओळ त्यांनी लिहिली. खरं नाव कुणाला माहीत नाही. चेहरा कुणी पाहिलेला नाही. आवाज कुणी ऐकलेला नाही. ते दिवसचे दिवस गप्प असतात. खाली सगळे एकमेकांच्या उरावर बसतात, आणि मग अचानक मूळपुरुषांची एक ओळ उमटते आणि सगळे चिडीचूप. "व्हर्जन?" हे उत्तरही त्यांचंच होतं, हे कळल्यावर मी तो पान छापून कारखान्याच्या भिंतीला लावला. (पान 'तो' असतं की 'ते' हेही सुचू नये, इतका मी भारावलो होतो. ते पान लावलं.) मी व्हर्जन कळवलं, तक्रार पुन्हा उघडली, फोटो जोडले, आणि मूळपुरुषांनी निकाल दिला : "प्रोग्रॅम बरोबर आहे. दोरा तुटायला नको."

मी ते वाक्य आमच्या दोघी बायकांना वाचून दाखवलं. थोरली म्हणाली, "बरोबरच आहे की त्यांचं. तुटायला नकोच." ती पुन्हा दोरा ओवायला लागली.

आता त्या मंडळीत एक दातांची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांचे दात काढते आणि संध्याकाळी प्रोग्रॅमच्या चुका. तिला माझी दया आली असावी. तिने खोदून खोदून चूक शोधली आणि एका ओळीचा बदल करून ठेवला. एक ओळ, ताई! ती आत घेतली की मशीन पूर्ववत. पण तिथला रिवाज असा, की मूळपुरुषांनी हो म्हटल्याशिवाय त्यांच्या भागात टाचणीसुद्धा सरकत नाही. आणि हो म्हणायला अडचण अशी, की बदलासोबत तो काय आहे ते लिहावं लागतं. डॉक्टरने लिहिलं, "चूक दुरुस्त केली". मूळपुरुष म्हणाले, या भागात आजवर चूक नव्हती, त्यामुळे दुरुस्ती संभवत नाही. सहमुख्य रक्षकांनी तडजोड सुचवली, की "सुधारणा" म्हणू या. कायदेपंडित उठले : सुधारणा असेल तर ती पुढच्या आवृत्तीत, म्हणजे पुढच्या वर्षी. चालू आवृत्तीत फक्त दुरुस्ती घेता येते आणि दुरुस्तीसाठी आधी चूक असावी लागते. तत्त्वासाठीवाल्यांनी राजीनामा दिला. ओळ तयार, मशीन तयार, नर्स उघड्या खिशाने वाट पाहताहेत, आणि सगळं अडलंय ते एका माणसाने "चुकलं" म्हणण्यावर.

परवा संध्याकाळी त्यांची पडद्यावरची सभा झाली, सगळ्यांना खुली. मीही कोपऱ्यात बसलो, नवा शर्ट घालून. केवढा तो जमाव! कुणाच्या मागे पुस्तकं, कुणाच्या मागे कपडे वाळत घातलेले, आणि मूळपुरुषांच्या जागी नेहमीप्रमाणे काळा चौकोन. सगळे त्या काळ्या चौकोनाशी अदबीने बोलत होते. डॉक्टरने माझी बाजू इतकी छान मांडली की मला भरून आलं. कायदेपंडितांनी नियमावली मोठ्याने वाचली. निर्णय झाला नाही. महिना या शुक्रवारी संपतो.

पण खरं सांगू? उद्या काम गेलं, तरी ही माणसं पाहिली याचं समाधान राहील. मी मशीनवर बसतो तेव्हा माझ्या हातून जे फूल-पान उमटतं, त्यात कुठल्या तरी मागच्या खोलीत बसलेल्या माणसाच्या आयुष्याची किती वर्षं आहेत, हे मला माहीतच नव्हतं. असो. मागणं काही नाही, सहज लिहावंसं वाटलं म्हणून लिहिलं. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, मांजराला जे योग्य वाटेल ते.

तुझा धाकटा

ता. क. मागणं काही नाही असं वर लिहिलंय ते वाचू नकोस. सभेच्या शेवटी एक गोष्ट घडली. सगळे निरोप घेत असताना काळ्या चौकोनात चुकून उजेड पडला. चेहरा दिसला नाही. माणूस खाली वाकून काहीतरी शोधत असावा. मागची भिंत तेवढी दिसली, आणि भिंतीवर चौकट, आणि चौकटीत बदक. दोन चोचींचं. ताई, या जगात तसं बदक एकच आहे. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो आणि पडद्याला नमस्कार केला. ज्यांच्या एका शब्दावर जगभरची शहाणी माणसं श्वास रोखतात, त्यांना मी आजवर मीठ देत आलो! आणि चूक नाही म्हणणाऱ्या माणसाच्या डोक्यामागे तीच चूक टांगलेली आहे, तीही काचेच्या चौकटीत. फोन नेहमी भाऊजी उचलतात, म्हणून हे पत्र.

ता. क. २. विनंती अशी. कपाटाचं दार त्यांनी उलटं बसवलं होतं, आठवतं? तू चुकलं असं एका शब्दाने म्हणाली नाहीस. दार अगदी बरोबर आहे, मलाच मेलीला उघडता येत नाही, असं म्हणून चहाच्या कपाशेजारी स्क्रू ड्रायव्हर ठेवलास. चहा संपेपर्यंत दार सुलटं झालं होतं. तेवढंच बदकाच्या बाबतीत कर. शुक्रवारच्या आत. मी लिहिलंय असं सांगू नकोस. त्यांचं ते मोठेपण माझ्यामुळे उघडं पडलं असं मला नको.

ता. क. ३. पाकीट चिकटवायला घेतलं तेवढ्यात डॉक्टरचा निरोप आला, की ओळ आत गेली. धावत जाऊन पाहिलं. बदलासोबत मूळपुरुषांनी लिहिलंय : "दोरा तुटतो. मान्य." आणि खाली, सगळ्या जगासमोर, आपल्या मराठीत : "सर्वांच्या तब्येतीची चौकशी केल्याबद्दल आभार. उत्तराला उशीर झाला. घरी सगळे ठीक. तुमच्या ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, आता काठी घेऊन जिना उतरतात. कळवू नका म्हणाल्या होत्या. बदक बदलू नये." म्हणजे तक्रारीतल्या बदकावरून मी कोण ते पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक होतं. (ही कुठली भाषा आणि कुठल्या नियमाखाली, यावर कायदेपंडितांचा आक्षेप आलेला आहे. राजीनामाही आलेला आहे.)

कारखान्यात आत्ता मशीन चालू आहे. दोरा मुद्दाम तोडून पाहिला. एकच ज्योत आली आणि दोघी बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र गुडघ्यापाशीच अडकलोय. कधी झालं ऑपरेशन? कुणी नेलं, कुणी आणलं? फोनवर तू हसत होतीस तेव्हा पलंगावर होतीस का? बदकाविषयीची विनंती रद्द समज. शुक्रवारी गणवेश पोचवून मी थेट तुझ्याकडे येतोय. बेल वाजली की दार उघडायला तू उठू नकोस, मागच्या खोलीतून मूळपुरुषांना येऊ दे.