खाडीच्या बांधावरचा खांब

सर,

तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि मी आता लिहायला बसले आहे. मागच्या महिन्यात काकूंचा फोन आला. "मी रामवाडीत लेकाकडे र्‍हायला चाललेय. त्यांचा रेडिओ नि ती तार घेऊन जा गो." मी कंपनीत दोन दिवसांची सुट्टी टाकली आणि रोह्याहून पेणला, तुमच्या खाडीकाठच्या घरी आले. ज्या हौशी रेडिओवर तुम्ही मला शिकवलंत, त्याची लांब तार बांधावरच्या खांबापासून खिडकीतल्या डब्यापर्यंत आलेली; त्या डब्यात पाणी शिरलं होतं. आतल्या ट्रान्सफॉर्मरचं तांबं हिरवं पडलं होतं, ते ज्यावर गुंडाळलेलं ती काळी कडी चिरली होती. तार उतरवण्याआधी एकदा ती ऐकावी, म्हणून तुमच्याच स्वयंपाकघरात बसून मी नवा गुंडाळला.

माझा पहिला ट्रान्सफॉर्मर तुम्ही याच टेबलावर उसवला होता, चार पाहुण्यांसमोर. "हे काय, सुतळी गुंडाळलीस? तुझ्यात धीरच नाय." मग मला शेजारी बसवून समजावलंत. रेडिओच्या सेटला पन्नास ओहमचा रोध लागतो, लांब तारेच्या टोकाला अडीच हजारांच्या आसपास. मधे दुभाषा हवा. इकडे दोन वेढे, तिकडे चौदा, म्हणजे सातपट, आणि साताचा वर्ग एकोणपन्नास. हे जुळलं नाही तर पाठवलेलं तुझ्याकडेच परत येतं, असं म्हणाला होतात. मला कळलं होतं सगळं. पण पाहुणे हसले होते, तेही माझ्या लक्षात राहिलं.

नवा ट्रान्सफॉर्मर छान जुळला. परतणारी लाट दाखवणारा काटा शून्याला टेकला. दुपारी तीनच्या सुमाराला, भरतीच्या वेळी, तो आपोआप वर चढला. मी सगळे जोड तपासले, सगळे घट्ट होते. तेवढ्यात काकू दोन कप चहा घेऊन आल्या. एक मला दिला, दुसरा खिडकीत ठेवला.

"आले ना?"

"कोण, काकू?"

"ते. खांबाखाली जरा वेळ उभे र्‍हातात. भरतीलाच येतात."

मी त्यांना समजावलं, की तारेचं टोक खाडीवर आहे, खाली पाणी चढलं की जुळणी बिघडणारच. "आसंल," काकू म्हणाल्या.

पाणी नसताना नुसत्या माणसाने काटा चढतो का, ते पाहायला दुसर्‍या दिवशी मी ओहोटीला बांधावर गेले. दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडलेला. सेट अगदी कमी पॉवरवर, काट्याशी काकू, फोन कानाला. मी खांबाखाली उभी राहिले, कशालाही हात न लावता.

"चढला गो. कालच्याएवढाच."

यात नवल नव्हतं. टोकाजवळ माणूस आला तरी तारेला कळतं, तुम्हीच सांगितलेलं. मी माघारी निघाले. अर्धा बांध मागे पडल्यावर म्हटलं, "आता उतरला असेल."

"नाय. तसाच हाय." काकूंनी विचारलं, "तू अजून खांबापाशीच हायस ना?"

मी "हो" म्हणाले.

बांधावर कुणी नव्हतं. ओल्या मातीत पावलं उमटली होती, ती माझीच.

तुम्ही गेलात त्या दुपारी मला बोलावलं होतंत. मी सेटशी बसायचं, तुम्ही खांबाशी तार ताणायची. मी आले नाही. संध्याकाळी काकूंना तुम्ही खांबाच्या पायथ्याशी पडलेले सापडलात. शिफ्ट बदलली होती, असं मी त्यांना सांगितलं. शिफ्ट बदलली नव्हती, सर. पाहुण्यांसमोरचं बोलणं मनात धरून मी कोलाडला हॉटेलात मैत्रिणीबरोबर बसले होते. तुमचा फोन दोनदा वाजला. मी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

बांधावर उभी राहून मी हे सगळं मोठ्याने बोलले. फोन चालूच आहे, हे विसरले होते. पलीकडे काकूंनी सगळं ऐकलं. मग हळूच म्हणाल्या, "उतरला गो काटा. ये आता घरी."

रेडिओ मी रोह्याला आणला. तार अजून तिथेच आहे. खांबाचे बोल्ट गंजलेत, निघत नाहीत, असं काकूंना सांगितलं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते. बोल्टला मी हातही लावला नाही. परत त्या खांबापाशी जायची माझी हिंमत झाली नाही.