तुळजाबाईंचा ठावठिकाणा

भरे, रविवार

तीर्थरूप गेणबामामांस,

तृप्तीचा सविनय जयभीम. गुडघा कसा आहे? केशरमामी म्हणाल्या की तुम्ही तेल चोळून घेता आणि चालायचं नाव काढलं की झोपेचं सोंग करता. चालत जा. इकडे तुमचे जावई रत्नदीप बरे आहेत (कंपनीत पाळी बदलली, म्हणून चिडके आहेत, पण बरे आहेत). मी बरी आहे की नाही, ते तुम्हीच ठरवा. फोनवर सांगितलं तर तुम्ही मधेच हसाल, म्हणून लिहिते आहे.

तुमची सगळी उमर पोलिसात गेली. (बँडात गेली, ठाऊक आहे. पण गणवेश खात्याचाच होता, आणि आपल्या नात्यागोत्यात खातं जवळून पाहिलेलं दुसरं कोणी नाही.) मी पोलीस पाटील झाले तेव्हा मुलाखतीत सगळी कर्तव्यं धडाधडा म्हणून दाखवली होती. गावात काही घडलं की ठाण्याला कळवायचं. पण जे घडलंय ते आपल्याच स्वयंपाकघरात बसून मेथी निवडत असेल तर काय करायचं, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

झालं असं. आमच्या गावचे हैबतराव तुम्हाला आठवत असतील, रस्त्याकडेला ज्यांनी कामगारांसाठी खोल्या बांधल्यात ते. ठाण्यातून आवाहन झालं की भाड्याच्या खोल्यांबाहेर कॅमेरे बसवा. हैबतरावांनी बसवले. मग गोठ्यात एक, अंगणात एक, आणि एक उरला म्हणून घरच्या स्वयंपाकघरात. त्या कॅमेऱ्यातून बोलताही येतं. म्हणजे हैबतराव पारावर बसून मोबाइलमध्ये बघणार, आणि चुलीपाशी त्यांच्या बायकोला भिंतीतून आवाज येणार, “तुळजा, दूध बघ!” पहिल्या दिवशी तुळजाबाईंच्या हातून कपबशी फुटली. तर भिंत म्हणाली, “फोडली का?” हळूहळू शेजारणी यायच्या बंद झाल्या. मग गेल्या सोमवारी तुळजाबाई वांग्याच्या वाफ्यातून, जिथं एकही कॅमेरा पोचत नाही तिथून, घराबाहेर पडल्या आणि थेट आमच्या वस्तीत, आमच्या दारात.

“चार दिस ऱ्हाऊ का? कुणाला सांगू नगं,” म्हणाल्या. मी “या की” म्हटलं. मी पोलीस आहे (म्हणजे पूर्ण नाही, पण थोडी आहे) हे त्या आत येऊन बसल्यावर मला आठवलं. मामा, या बाई पूर्वी आमच्याकडे आल्या तर अंगणातच उभ्या राहायच्या. आता त्यांनी विचारलं, विळी कुठं ठेवतेस?

दुपारी हैबतराव आमच्या दारच्या ओट्यापाशी आले. “तृप्ते, तू पोलीस पाटील न्हवं? माझी बायकू हरवलीय. शोध.” मी म्हटलं, सगळीकडे बघितलंत का? (माझा आवाज चिरका झाला होता.) “आमच्याकडं?” असंही मी विचारून टाकलं. तर ते म्हणाले, “तुमच्याकडं कशाला येतीया ती?” आता त्यांनीच उत्तर दिल्यावर मी काय बोलायचं? मी खोटं बोलले नाही. की बोलले? हे तुम्ही सांगा.

मग ठाण्यातून शेखर हवालदार आले, आणि गावची माहिती मला म्हणून शोधपथकात मलाच घेतलं. तुळजाबाईंची एक बहीण जवळच चांदे गावात, एक नेऱ्याला. दोन्हीकडे जाऊन मी आजूबाजूला अगदी बारीक नजरेनं बघितलं. परत येताना बरोबर आलेले हैबतराव म्हणाले, एकदा विहीर बघू. काठापाशी गेले आणि थांबले. वाकून बघायचं धाडसच होईना त्यांना. मान दुसरीकडे फिरवून हवालदारांना म्हणाले, “तुमी बगा.” मग मात्र हवालदारांना बाजूला ओढून मी सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं, आता नोकरी गेली. हवालदार फक्त म्हणाले, “मॅडम, नेऱ्याला जायच्या आधी सांगायचं ना!” मग ते आमच्याकडे आले आणि तुळजाबाईंचा जबाब घेतला. नवरा मारतो का? “मारत न्हाईत वो. नुसतं बगत्यात.” हवालदारांचं पेन थांबलं. “बगत्यात म्हंजी?” “बगत्यात म्हंजी बगत्यात.” याला कलम कोणतं लावायचं ते त्यांना कळेना, मला तर नाहीच.

हैबतरावांना त्यांनी एवढंच सांगितलं, की बाई सुखरूप आहे, आपल्या मर्जीनं आहे, कुठं आहे ते सांगणार नाही. हैबतराव भडकले. “मग तुमी शोधली कशाला?” मामा, त्या रात्री मी याच प्रश्नाने जागी होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हैबतराव पुन्हा आले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण आमच्या दोरीवर तुळजाबाईंचं नऊवारी लुगडं वाळत होतं (एवढा विचार आम्हा तिघांपैकी कुणीच केला नव्हता). त्यांच्या हातात स्वयंपाकघरातला कॅमेरा, वायरीसकट उपटलेला. भिंतीचा पोपडाही चिकटून आला होता. माझ्या हातात देऊन ते ओट्यावर बसले. आतून तुळजाबाईंनी ताट वाढून दिलं. ते आमच्या घरी पहिल्यांदाच जेवले, आणि “मीठ कमी हाय” म्हणाले. तुळजाबाई आतून म्हणाल्या, “मग खाऊ नगा.” ते जेवले. तरी बाई लगेच उठून गेल्या नाहीत. चार दिवस म्हणाल्या होत्या, चार दिवस राहिल्या, मग सावकाश घरी गेल्या.

कॅमेरा मात्र माझ्याकडेच आहे. ठाण्यात न्यावा तर गुन्हा नाही, म्हणून तो मुद्देमाल होत नाही. सध्या तांदळाच्या डब्यात ठेवलाय.

कळावे. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
तृप्ती

ता.क. मुख्य काम राहिलंच. येत्या दोन तारखेला शाळेत पोलीस स्थापना दिनाचा कार्यक्रम आहे, आणि ठाण्यातल्या साहेबांनी मला ‘आधुनिक समाजात पोलिसांची भूमिका’ यावर बोलायला लावलंय. मला ती भूमिका आठवडाभरापूर्वी माहीत होती. भाषण तुम्ही लिहून पाठवा.

पुन्हा ता.क. आत्ता तुळजाबाई वांगी द्यायला आल्या होत्या, त्यांना विचारलं की काय बोलू. त्या म्हणाल्या, “सांग की, दार उघडायचं. मग च्या टाकायचा. इचारायचं ते मागनं.” एवढं बोलून मी खाली बसले तर चालेल का? नसेल चालत तर पुढचं तुम्ही लिहा.