स्वच्छ पाण्यातलं औषध

१४ मार्च, दुपारी

दादा,

नमस्कार. सप्रेम लिहायला पेन वळलं नाही. आईचे गुडघे तसेच आहेत. ती तुझी चौकशी करते, मी ऐकून न ऐकल्यासारखं करते.

गेल्या महिन्यात आमच्या प्रयोगशाळेत परवान्याच्या चाचणीसाठी जंतुनाशकाची एक बाटली आली, नुसता नंबर चिकटवलेली. बूच उघडलं आणि वासानेच ओळखलं. तू बनवून विकतोस ते औषध! तीन वर्षांपूर्वी बाबांनी त्यानेच डुकरांची शेड धुतली होती, तू सांगितलंस तशी. तरी आठवड्यात एकेचाळीस पिल्लं हगवणीने गेली. चार माणसांत तू म्हणालास, "औषध चोख आहे. बाबांनीच घासायचा कंटाळा केला."

 त्यानंतर बाबा दिवसातून वीस वेळा हात धुवायचे. गेले तेव्हाही बोटांच्या चिरा भरल्या नव्हत्या.

पिल्लांना हगवण लावणाऱ्या त्याच कोरोना विषाणूत मी तुझं औषध घातलं. दहा मिनिटांनी दुसरं रसायन घालून औषधाचा जोर मोडला आणि ते पाणी जिवंत पेशींवर सोडलं. चार दिवस पेशी ठणठणीत. म्हणजे विषाणू मेला, तू पास. त्या दिवशी मला घास गेला नाही.

मग साहेबांकडे गेले. "घाण मिसळून करून बघते."

"अर्जात ती चाचणी नाहीये."

"शेडमध्ये पाणी कुठे स्वच्छ असतं, साहेब?"

ते हो म्हणाले.

घाण मिसळली आणि तुझं औषध लुळं पडलं. दोन दिवसांत पेशी मरून, सुटून तरंगायला लागल्या, म्हणजे विषाणू जिवंत. तेच मिश्रण सत्तर अंशांवर अर्धा तास तापवलं, तर विषाणू खलास आणि पेशी शाबूत, म्हणजे आधीच्या पेशी घाणीने मेल्या नव्हत्या. तीनदा केलं. आकड्यांना हात लावला नाही, लावावा लागलाच नाही. अहवाल आज सकाळी गेला. तुझा परवाना आता विसर.

बाटली माझ्या भावाची आहे, हे मी साहेबांना सांगितलं नाही. खुशाल तक्रार कर, माझी नोकरी जाईल. चाचणी दुसऱ्या कुणीही केली तरी उत्तर हेच येईल.

आधी फोन करता आला असता. केला नाही. खोटं कशाला बोलू, मजा आली.

एक राहिलं. पिल्लं मेली तेव्हाही मी याच टेबलावर काम करत होते. बाटली उचलून तपासायला एक आठवडा पुरला असता. पण तू सांगितलंस ते मला खरं वाटलं. बाबांना मी म्हणाले होते, "पुढच्या वेळी नीट घासा हं."

तुझीच बहीण